मोज्याकडे फोन दे

४ मार्च, मंगळवार

शिंपीकाका म्हणाले, "लिहून काढ सगळं. माझे कान मी भाड्याने दिलेले नाहीत." म्हणून लिहितोय. शिंपीकाका माझ्या खालच्या पलंगावर झोपतात. मूळचे शिंपी, इथे परदेशात आमच्याच कारखान्यात भट्टीवर आहेत. मेव्हण्याचं गाऱ्हाणं मी त्यांना रोज सांगतो, त्याचा त्यांना वीट आलाय.

सातवीत शाळा सोडली तेव्हापासून सहीशिवाय मी काही लिहिलेलं नाही. अक्षर बघून मलाच हसू येतंय. पण एक बरं, कागद मध्येच "झोप आता" म्हणत नाही.

तर आजचं. चहाच्या सुट्टीत घरी फोन लावला. ठमी समोरच बसली होती, केस विंचरून. ठमी म्हणजे माझी मुलगी, साडेचार वर्षांची. मी इकडे आलो तेव्हा ती नुकती नीट बोलायला लागली होती. मी विचारलं, "जेवलीस?" म्हणाली, "हो." "शाळेत गेलीस?" "हो." "काय शिकवलं?" "काही नाही." तेवढ्यात मागून मामाचा आवाज आला, "ठमे, घोडा तयार आहे," आणि ती पळाली. फोन उशीला टेकवलेला तसाच. मी आमच्या घरचा पंखा बघत बसलो. तो पंखा आता मला ठमीपेक्षा जास्त ओळखतो.

मामा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. हिला औषधांच्या दुकानात काम लागलं, तेव्हापासून ठमीला शाळेत न्यायला-आणायला तो आमच्याकडे येऊन राहिलाय. चांगलं करतोय. मला कळतं की चांगलं करतोय. पण घोडा मी व्हायचो.

९ मार्च, रविवार

आज सुट्टी. इथलं काम काय ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी ठमीने विचारलं तर सापडेल.

आमच्या कारखान्यात हात धुवायची बेसिनं बनतात. भट्टीतून निघाली, तपासली, की आमच्या टेबलावर येतात. मी कोपऱ्यांना फोम लावतो, खोक्यात बसवतो, वरून प्लास्टिकची पट्टी आवळतो आणि बाजूला बाणाचं चिकटपत्र लावतो. बाण वर, म्हणजे ही बाजू वर. शिंपीकाका म्हणतात, आपल्यामुळे जग हात धुतं आणि आपल्याला हात धुवायला वेळ नाही.

पट्टी उजव्या हाताने ओढतात, त्यामुळे उजवा हातमोजा लवकर फाटतो. डावा नव्यासारखा राहतो. नवा जोड मिळाला की परत तेच. इथे प्रत्येकाच्या कपाटात डाव्या हातमोज्यांचा ढीग आहे. फेकवत नाहीत आणि उपयोगही नाही.

शुक्रवारी कचेरीत बोलावलं होतं. करार संपत आलाय, वाढवणार का म्हणून. मी हिला फोन केला.  ही म्हणाली, "घराचं छत अर्धं राहिलंय." म्हणजे हो. मी सही केली.

"ठमीला सांगायचं का?" मी विचारलं.

"आत्ता नको. रडून घर डोक्यावर घेईल."

"मग ती विचारते तेव्हा काय सांगू?"

"लवकर येतो म्हणा. नेहमीसारखं."

१४ मार्च, शुक्रवार

आज गंमत झाली. सुट्टीची घंटा झाली तशी धावतच बाहेर आलो आणि फोन लावला. डाव्या हातातला मोजा काढायचा राहिला होता. ठमीचं नेहमीचं चाललं होतं, हो, हो, काही नाही. मी कंटाळून हनुवटी हातावर टेकवली, तशी बोटं हलली. ठमी एकदम पुढे सरकली.

"तो कोण आहे?"

मी बघितलं मागे कोणी आलंय का. मागे कोणी नव्हतं. मग कळलं. मी मूठ उभी केली, अंगठा आणि बोटं तोंडासारखी उघडली आणि नाकातून बोललो, "मी इथेच राहतो."

ठमी इतकी हसली की उशीवरून फोन पडला. मामा उचलायला आला तर म्हणाली, "तू जा, मी बोलतेय." तिने मामाला जा म्हटलं. हे मी दोनदा लिहू शकतो. तिने मामाला जा म्हटलं.

नावही तिनेच ठेवलं. मोज्या.

१६ मार्च, रविवार

मोज्याला डोळे पाहिजेत म्हणून शिंपीकाकांकडे बटणं मागितली. म्हणाले, "वीस वर्षं साहेबलोकांचे कोट शिवले, आता बाहुल्यांचे डोळे शिवायचे." पण बसवले झकास. एक काळं, एक तपकिरी, कारण जोडीचं नव्हतं. तोंडात लाल पट्टीचा तुकडा, जीभ म्हणून. डोक्यावर औषधाच्या बाटलीचं झाकण. शेवटी काकांनी मोज्या स्वतःच्या हातात घातला, आरशात बघितलं आणि म्हणाले, "तुझ्यापेक्षा देखणा आहे."

मी गोष्टही रचली. मोज्याचा एक जुळा भाऊ आहे, उजव्या. उजव्या रोज कामाला जातो आणि फाटून परत येतो. मोज्या घरी बसून त्याची वाट बघतो आणि नाही ते उद्योग करतो. आज त्याने बेसिनमध्ये पोहायचा प्रयत्न केला, ती गोष्ट सांगितली. ठमीने मध्येच विचारलं, "उजव्या घरी कधी येतो?"

"संध्याकाळी," मोज्या म्हणाला.

"रोज?"

"रोज."

"मग बरंय त्यांचं," असं म्हणून तिने पुढची गोष्ट मागितली.

इतकं मन माझं कशात लागल्याचं आठवत नाही. पट्टी ओढताना डोक्यात मोज्याच चालू असतो. हात खोकी बांधतात आणि मी कुठेतरी लांब फिरून येतो.

२५ मार्च, मंगळवार

आज फोन उचलल्या उचलल्या ठमी म्हणाली, "मोज्याकडे फोन दे."

"आधी बाबाशी बोल की."

"बोलले. आता दे."

दिला. मोज्याने विचारलं जेवलीस का, तर किती जेवली, काय सांडलं, मामा कसा ओरडला, शाळेत एका मुलाने तिची पेन्सिल चावली, त्या मुलाचे दात कसे आहेत, सगळं सांगितलं. हेच मी विचारतो तेव्हा "हो."

मागून मेव्हणा म्हणाला, "भावोजी, मोज्या एक नंबर बरं का." मला बरं वाटायला पाहिजे होतं. शेवटी मोज्या म्हणजे मीच ना. आवाज माझा, हात माझा, डोकं माझं. मग माझा पगार दुसराच खातोय असं का वाटतं?

शिंपीकाकांना म्हटलं तर म्हणाले, "आधी मेव्हण्यावर जळत होतास, आता स्वतःच्याच पंजावर जळतोस. उद्या नखांवर जळशील."

२ एप्रिल, बुधवार

आज शोभा झाली. मोज्या विमानात बसतो ही गोष्ट जुळवत होतो. विमानतळावर त्याला अडवतात, कारण एकटा मोजा घेता येत नाही, जोडी पाहिजे. ह्यातच मी इतका रमलो की सकाळपासून सगळ्या खोक्यांवर बाण उलटे लावले. खालचं वर. गोदामातल्या लोकांनी बाण बघून सगळी खोकी डोक्यावर उभी केली.

मुकादम आला. हा माणूस ओरडत नाही, तेच वाईट. खोक्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बेसिनं शीर्षासन करतायत का?"

मी एक खोकं सरळ करायला घेतलं.

"काय चाललेलं असतं तुझ्या डोक्यात?"

काय सांगणार, मोज्या विमानात बसत होता? मी म्हटलं, "घरची आठवण येत होती."

"ती सगळ्यांनाच येते. बाण वर करूनही येते."

टेबलावरून काढलं, माल चढवायला टाकलं. तिथली सुट्टी वेगळ्या वेळेला असते, तेव्हा ठमी शाळेत. काम सुटतं तेव्हा तिच्याकडे निजानीज झालेली असते. म्हणजे आता बोलणं फक्त रविवारी. गोष्ट तेवढी चांगली जमली. सांगायला वेळ नाही.

६ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते शिंपीकाकांनाही सांगितलेलं नाही.

ही दुकानात होती, मामा खाली पाणी भरत होता. ठमी एकटीच फोनपाशी. मोज्या पुढे धरला होता, मी मागे. मोज्याने विमानाची अर्धी गोष्ट सांगितली, तेवढ्यात तिने हळूच विचारलं, "बाबा तिथे आहे का?"

मी मोज्याच्या तोंडाने म्हटलं, "नाही. कपडे धुवायला गेलाय."

ती फोनच्या अगदी जवळ आली. नुसता कान आणि गाल दिसत होता. "मग एक सांगू? बाबाला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"फोन बंद केला ना, की मला बाबाचं तोंड आठवत नाही. डोळे येतात. मग खालचं येत नाही. मी डोळे मिटून पण बघते. मामाचं लगेच येतं."

माझा हात हलायला लागला. ती म्हणाली, "मोज्या, थंडी वाजते का तुला?" मोज्या म्हणाला, "हो, इथे खूप थंडी आहे." तिने फोनवर पांघरुणाचं टोक टाकलं. सगळा अंधार झाला. मग मामा आला.

दुपारभर डोकं फिरलेलं आहे. मी रोज विचारायचो, ठमे, काय चाललंय, आणि ती म्हणायची काही नाही. आणि ह्या फडक्याला सगळं सांगितलं. दोन वेगळ्या रंगांची बटणं, एक झाकण. मी बाप आहे. मला सांगितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. आता मी त्यावर काही बोलूही शकत नाही, कारण मला ते माहीतच नाही.

मामाचं लगेच येतं. येणारच. तो समोर असतो.

९ एप्रिल

हिला निरोप पाठवला की माझा फोटो ठमीच्या पलंगासमोर लाव, मोठा करून. तिचा उलटा निरोप, "आता हे काय नवीन? स्वतःवर प्रेम जडलं की काय?" मी लिहिलं, असंच. ही म्हणाली, बरं, ओळखपत्रासाठी काढलेला आहे तोच मोठा करते.

१३ एप्रिल, रविवार

फोन लागताच मी चेहरा अगदी पुढे नेला आणि म्हटलं, "ठमे, नीट बघ बाबाकडे."

"बाबा, लांब हो. नाकच दिसतंय."

लांब झालो. तिने लगेच मोज्याला मागितलं आणि मला म्हणाली, "तू जरा बाहेर जा." मी खुर्चीच्या पायाने दारासारखा आवाज केला. इतकं खोटं मी कधी वागलो नव्हतो.

"तू सांगितलंस ना त्याला?" तिने मोज्याला विचारलं.

"काय?"

"आईने बाबाचा फोटो लावलाय. तू सांगितलंस."

"नाही. शपथ."

ती मोज्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो फोटो बाबाचा नाही. तो कामावरचा माणूस आहे. बाबा असा नसतो." आणि थोड्या वेळाने, "तू नसशील सांगितलं. त्याला आपोआप कळलं असेल."

मोज्यावर विश्वास इतका. चोरी माझी पकडली आणि सुटला तो.

२७ एप्रिल, रविवार

मधले दोन आठवडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. ट्रक आले, ट्रक गेले. रविवारी मोज्या बोलला, मी खुर्ची वाजवली.

आज हिने एक चित्र पाठवलं. शाळेत बाईंनी "माझं घर" काढायला सांगितलं होतं. ठमीने आई काढलीय, झग्यात. मामा काढलाय, चार पायांचा, म्हणजे घोडा झालेला. स्वतःला काढलंय मामाच्या पाठीवर. आणि डाव्या बाजूला, सगळ्यांत मोठा, घरापेक्षा उंच, मोज्या. झाकण, जीभ, दोन रंगांचे डोळे, काही विसरली नाही. मोज्याच्या खाली हात काढलाय, लांबच लांब, तो कागदाच्या कडेपर्यंत जातो आणि तिथे कागद संपतो.

मी कुठेच नाही. दोनदा बघितलं. कागद उलटा करून बघितला असता, पण फोनवर होता.

शिंपीकाकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत बसले.

"हात कुणाचा आहे रे हा?"

"मोज्याचाच असेल. पोरांना कुठे कळतं, मोज्याला हात नसतो ते."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरांना नाही कळत, खरंय," आणि कपड्यांना इस्त्री करायला लागले. त्यांना माझ्या दुःखाची काही पडलेली नाही.

हिला विचारलं, "बघितलंस ना, मी नाहीये त्यात?"

ही म्हणाली, "अहो, मी पण तिला तेच विचारलं. तर ती म्हणाली, आहे की. आणि निघून गेली. तिचं काय मनावर घेता."

आहे की. कुठे आहे? जिथे मामाला चार पाय मिळतात तिथे मला एक ठिपकासुद्धा नाही. ह्या मोज्याला घरात मी आणला, मी डोळे लावले, मी बोलायला शिकवलं, आणि तो पाय पसरून माझ्या जागी बसला. बास झालं.

४ मे, रविवार

केलं.

ठमी म्हणाली, "मोज्याकडे फोन दे." मी आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "मोज्या इथे नाही. त्याला लांब काम लागलं. गेला तो."

मला वाटलं रडेल. मी समजूत घालायची तयारी केली होती, काय बोलायचं तेसुद्धा. पण ती रडली नाही.

"त्याने सांगितलं नाही मला."

"घाईत गेला."

"कधी येणार?"

"लवकर येईल."

"म्हणजे नाही," ठमी म्हणाली. चिडून नाही. घरात दूध नाही असं सांगावं तसं. मग म्हणाली, "आता तुझ्याजवळ कोण?"

मी म्हटलं, "शिंपीकाका आहेत की."

ती बरं म्हणाली आणि फोन आईला दिला.

मोज्याचे डोळे उसवून काकांना परत देणार होतो. अजून दिले नाहीत.

११ मे, रविवार

मला जे पाहिजे होतं ते मिळालं. ठमी पूर्ण वेळ माझ्याशी बोलली. मध्ये कोणी नाही, ना मोज्या ना मामा. मी विचारलं, "जेवलीस?" "हो." "दिवसभर काय केलंस?" "काही नाही." "त्या पेन्सिल चावणाऱ्याचं काय झालं?"

तिने मान वर केली. "तुला कोणी सांगितलं?"

 म्हटलं, "आईने."

"आईला माहीत नाही." आणि नंतर बोललीच नाही. मांडीवर हात ठेवून बसली होती, डॉक्टरकडे बसतात तशी. मी तिच्या भांगाकडे बघत बसलो.

नंतर ही फोन घेऊन गॅलरीत आली. हळू बोलत होती म्हणजे चिडलेली होती.

"काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? बाहुली होती, संपली."

"आठवडाभर ती कुणाशी धड बोलत नाहीये. मामाने घोडा केला तर बसली नाही."

खोटं कशाला लिहू, घोड्याचं ऐकून क्षणभर बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"मी तिचा बाप आहे," मी म्हटलं, "तिने माझ्याशी बोलायला पाहिजे. हातमोज्याशी नाही."

"अहो, ती कुणाशी बोलत होती मग?" ही म्हणाली.

 गल्लीत कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तो आवाज दोघांनी ऐकला. मग तिला दुकानात जायचं होतं.

१५ मे

मुकादमाने परत टेबलावर घेतलं. म्हणाला, "बाण?" मी म्हटलं, "वर." म्हणाला, "बघू."

आज सुट्टीत मोजा हातात तसाच होता. फोन बाहेर काढला होता. बोटं उघडली, मिटली, नाकातून एक शब्द काढायला गेलो. आवाज आला नाही. फोन न लावताच चहा पिऊन आत गेलो.

१८ मे, रविवार

हे नीट लिहितो, कारण मला त्यातलं सगळं अजून कळलेलं नाही.

आज फोन मी लावला नाही, तिकडून आला. उचलला तर समोर माणूस नाही. एक पांढरा पायमोजा, शाळेचा, उभा. त्यावर स्केचपेनने डोळे काढलेले, एक मोठा, एक बारीक. तोंड उघडलं आणि नाकातून आवाज आला.

"मी मोज्या. मला इकडे काम लागलं."

मी म्हटलं, "अरे. तू तिकडे पोचलास होय. कसलं काम आहे?"

"ठमीला बघायचं."

"ठमी कुठाय?"

"कपडे धुवायला गेली." पायमोजा जरा वाकडा झाला, आतून सरळ केला. "तू एकटा आहेस का?"

शिंपीकाका खिडकीपाशी पाठ करून बसले होते. त्यांनी मागे न बघताच उशी उचलली आणि बाहेर गेले. मी म्हटलं, "एकटाच आहे."

"मग सांग."

"काय सांगू?"

"जे ठमीला सांगायचं नाही ते. मी कुणाला सांगत नाही. मी बाबाला पण सांगितलेलं नाही."

मला हसायला यायला पाहिजे होतं. समोर पायमोजा होता, टाचेला मळलेला. मी दाराकडे बघितलं. मग म्हटलं, "मला ठमीच्या मामाचा राग येतो."

"का?"

"तो घोडा होतो."

पायमोज्याने विचार केला. "त्याचा घोडा हळू चालतो," तो म्हणाला. "आणखी सांग."

"तुझाही राग यायचा. ठमी तुझ्याशीच बोलायची. माझ्याशी नाही."

"म्हणून तू मला हाकललंस?"

"हो."

"हां," पायमोजा म्हणाला. रागावला नाही. "आणखी?"

आणखी एकच होतं. ते मी हिच्याशी ठरवून दाबून ठेवलेलं होतं आणि तिथेच ठेवायला पाहिजे होतं. पण ते दोन डोळे, एक मोठा, एक बारीक, माझ्याकडे बघत होते आणि मागे पडद्याबाहेर कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, सर्दी झालेला.

मी म्हटलं, "मी लवकर येणार नाहीये. मी लवकर येतो म्हणतो ते खरं नाही. हा पावसाळा जाईल, थंडी जाईल, उन्हाळा जाईल, मग आणखी एक पावसाळा. तेव्हा येईन. घराला छत घालायचं आहे. मला यायचंय, पण तेव्हाच येता येईल."

पायमोजा खाली गेला. पडद्यावर नुसती आमची भिंत आणि कोपऱ्यात पंख्याचं एक पातं. मी हाक मारली नाही. कुणाला मारायची, ठमीला की मोज्याला, तेही कळेना.

बऱ्याच वेळाने तो परत वर आला. टोकाला ओला झालेला होता.

"बरं," तो म्हणाला.

"ठमीला सांगशील?"

"आज नको. आज मामा तिला बागेत नेणार आहे. ती खूश आहे आज."

"मग कधी?"

"मी बघतो. थोडं थोडं सांगतो." मग म्हणाला, "आता तू लांब बस. अजून लांब. हात काढ तोंडावरचा."

मी हात काढला. खुर्ची मागे नेली.

"हलू नको."

मी हललो नाही. पायमोजा पडद्याच्या मधोमध उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. आधी वर, मग खाली, मग परत वर. मला नाक खाजवायचं होतं, तेही खाजवलं नाही. मग मामाची हाक आली आणि तो "झालं" म्हणून निघून गेला.

तासाभराने हिचा निरोप आला. ठमी बागेतसुद्धा तो मोजा हातात घालूनच गेली, मामाचं बोट धरायलाही काढला नाही. आंघोळ सोडून दिवसभर हातातच असतो, म्हणते. जेवताना, झोपताना, उशीखाली नाही, हातात.

नशीबवान आहे लेकाचा.